कात्रीतून उरलेले खरे

‘रिअ‍ॅलिटी शोमधले सगळे खोटेच असते,’ असे म्हणणारेही तो रोज पाहतात. मला यात विसंगती वाटत नाही.

१९७१ साली अमेरिकेत, सांता बार्बरा येथील लाउड कुटुंबाचे सात महिने चित्रीकरण झाले. त्या सुमारे ३०० तासांतून ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ ही १२ तासांची मालिका निघाली; ती १९७३ मध्ये प्रसारित झाली. नवरा-बायकोचा संसार मोडला, तोही कॅमेऱ्यासमोर. ते मोडणे खरेच होते. कुटुंबाची तक्रार होती ती संकलनाबद्दल: सुखाचे दिवस गाळले, कटू तेवढे ठेवले.

२०१८ पासून मराठीत आलेल्या ‘बिग बॉस’मध्येही दिवसभरातले मोजकेच आपल्यापुढे येते. प्रसंग घडतो, त्याचा अर्थ कात्री ठरवते. प्रेक्षक हे जाणून असतो. म्हणूनच कोण सोंग करतो आणि कुणाचा बांध खरोखर फुटला, हे हेरण्यात तो रमतो. या कार्यक्रमांची ओढ आहे ती या पारखण्याची.

प्रेक्षकाचे पारखणे तासाभरात संपते. लाउड कुटुंबाला मात्र जगाने त्या १२ तासांवरूनच ओळखले.