व्हिडिओ गेमची पेटी : सुताराने काय घ्यावे, काय घेऊ नये

नेसरी (ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर) येथील एका वाचकांनी आम्हाला विचारले आहे. त्यांचा फर्निचरचा लहान कारखाना आहे. रस्त्यालगतच्या एका हॉटेलमालकाने त्यांच्याकडे जुन्या पद्धतीची, उभे राहून खेळावयाची व्हिडिओ गेमची पेटी मागितली आहे. आगाऊ रक्कम देण्याची तयारी आहे. अट एवढीच की, नाणे टाकण्याची सोय असावी आणि आत ‘हजार गेम’ भरून मिळावेत. काम घ्यावे का? आमचे उत्तर असे की, पेटीचे काम जरूर घ्यावे, हजार गेमचे घेऊ नये.

ही पेटी मुळात सुताराचीच वस्तू आहे. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने ‘पाँग’ हा खेळ बाजारात आणला, तेव्हाही पडदा व सर्किट लाकडी खोक्यातच बसविले होते. आपल्याकडे १९९० नंतर गावोगावी गेमची दुकाने निघाली, त्यांतील बऱ्याच पेट्या इथल्याच सुतारांनी केलेल्या असत. बाहेरून येई तो आतील बोर्ड. जपानमधील उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने १९८५ च्या सुमारास ५६ टोकांची एकच जोडणी ठरवून दिली होती. त्यामुळे पेटी तीच ठेवून बोर्ड बदलला की नवा गेम सुरू होई. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम तर आपल्या मुलांनी त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला. खरे नाव कित्येकांना आजही ठाऊक नाही. पुढे घरोघरी संगणक आणि मग मोबाइल आला व ती दुकाने बंद पडली. त्या वेळची मुले आज चाळिशीत आहेत, कमावती आहेत. अशा पेट्या आता मागतात ती हीच मंडळी.

आता प्रत्यक्ष काम. पुऱ्या उंचीची पेटी साडेपाच ते सहा फूट असते आणि नीट आखणी केली तर ८ बाय ४ च्या पाऊण इंची दोन शीटमध्ये बसते. मागच्या झाकणाला पातळ प्लाय चालते. एमडीएफ कापायला सोपे व रंगाला गुळगुळीत असते, पण एक पूर्ण शीट चाळीस किलोच्या आसपास भरते आणि खालून पाणी लागले की फुगते. आजरा-चंदगडकडचा पावसाळा आणि हॉटेलातील रोजची फरशी धुणे पाहता तळ व खालचा भाग तरी बीडब्ल्यूआर प्रतीच्या प्लायचाच असावा आणि पेटी जमिनीपासून दोन इंच उचललेली असावी.

दोन्ही बाजूंच्या फळ्या तंतोतंत सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर पडदा वाकडा बसतो. त्यासाठी आधी पातळ प्लायचा फर्मा कापावा, त्यावरून दोन्ही फळ्या आखाव्यात आणि क्लॅम्पने एकत्र धरून कडा घासाव्यात. बटणांची फळी जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर घ्यावी. दोघांना शेजारी उभे राहून खेळावयाचे तर ती किमान २४ इंच रुंद हवी. याहून कमी केली की कोपर कोपराला लागते. पडदा किंचित मागे कलता ठेवावा. आणि हॉटेलच्या दाराची रुंदी आधी मोजावी! पेटी तयार झाल्यावर दार मोजणारे आम्ही पाहिले आहेत.

पडद्यासाठी कार्यालयांतून निघालेले १७ किंवा १९ इंची जुने एलसीडी मॉनिटर उत्तम. त्यांतील बहुतेकांचे प्रमाण ५:४ असते. जुने गेम ४:३ चे असल्याने चित्र जवळजवळ पूर्ण भरते. आजच्या रुंद पडद्यावर दोन्हीकडे काळे पट्टे राहतात.

सुताराची खरी परीक्षा बटणांच्या फळीवर होते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बटणांना ३० मिलिमीटरचे भोक लागते, काहींना २८ चे. म्हणून बटणे हातात आल्याखेरीज होल सॉ चालवू नये. नुसती दाबून बसणारी बटणे पातळ पत्र्यासाठी असतात, पाऊण इंची प्लायमध्ये ती धरत नाहीत. लाकडासाठी मागून चकती आवळावयाची लांब आट्यांची बटणे मागवावीत. हँडलचेही तसेच. जाड फळीखाली बसविले तर दांडा वर फार थोडा उरतो, म्हणून खालून खाच पाडून तेवढी जागा पातळ करावी लागते.

विजेच्या जोडणीचा बाऊ करण्याचे कारण नाही. प्रत्येक बटणाखाली मायक्रोस्विच असतो. त्याला सहसा तीन टोके असतात : एक सामाईक, एक दाबल्यावर जोडले जाणारे, एक दाबल्यावर तुटणारे. आपल्याला पहिली दोन लागतात. हँडलच्या आत असे चार स्विच असतात. सर्वांच्या तारा एका लहान यूएसबी कार्डावर येतात आणि ते कार्ड संगणकाला जोडले की काम झाले. संगणक म्हणून जुना पीसी चालतो, किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा बोर्ड. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला पुरवठा हवा. मोबाइलचा साधा चार्जर लावला तर तो मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होतो. वीज अचानक गेली की त्याचे मेमरी कार्ड खराब होण्याचा संभव असतो, म्हणून छोटा यूपीएस आतच बसवावा. हे सर्व भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात, टपालानेही येतात.

तीन पिनांचा प्लग आणि नाण्याच्या लोखंडी दाराला अर्थिंग, यात काटकसर नको. ओल्या हाताने पोरे तिथे हात लावणार आहेत. मागे खाली व वर हवेची भोके ठेवून त्यांना बारीक जाळी मारावी, नाहीतर उबेला झुरळे आणि पाली येतात.

आता त्या हजार गेमविषयी. जुने गेम चालविणारी ‘मेम’ ही प्रणाली १९९७ मध्ये सुरू झाली व २०१६ पासून ती मुक्त परवान्याखाली आहे. ती वापरण्यात गैर नाही. पण तीत चालणारे गेम हे निरनिराळ्या कंपन्यांच्या मालकीचे आहेत. जुने झाले म्हणून ते मोकळे झाले असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी नफ्यासाठी केलेल्या उल्लंघनाला तर सवलतीची अपेक्षाच धरू नये. बाजारात ‘हजार गेमचे कार्ड’ उघड विकले जाते, यावरून ते कायदेशीर ठरत नाही. कॅपकॉमने २०२१ मध्ये आपले कित्येक जुने गेम ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ या नावाने संगणकासाठी रीतसर विक्रीला आणले. घरी पेटी ठेवणाऱ्याने ते स्वतः विकत घ्यावेत. मात्र असे गेम घरगुती वापरासाठी असतात; हॉटेलात नाणे घेऊन चालवावयाचे तर मालकाची तशी परवानगी लागते. दुसरी वाट म्हणजे नवा गेम करवून घेणे. ‘गोडॉट’ हे गेम बनविण्याचे साधन फुकट आहे आणि संगणक शिकणारी मुले आता तालुक्यातही आहेत. एक साधा, नेसरीच्या बाजारपेठेतला गेम त्या हॉटेलात हजार चोरीच्या गेमइतकाच चालेल, असे आम्हाला वाटते.

नाण्याचेही एक आहे. नाणे घेऊन खेळू देणे वेगळे आणि जिंकणाऱ्यास पैसे परत देणे वेगळे. दुसरे म्हणजे जुगार. त्याविषयी या पानाच्या वाचकांना आम्ही अधिक सांगावयास नको. गिऱ्हाइकाने पुढे तशी ‘दुरुस्ती’ मागितली तर सरळ नकार द्यावा. सार्वजनिक जागेत पैसे घेऊन यंत्र ठेवण्यास कोणता परवाना लागतो, याची चौकशी हॉटेलमालकाने स्थानिक पोलीस ठाण्यात व तहसील कचेरीत आधीच करावी.

आमची सूचना अशी की, प्रथम टेबलावर ठेवण्याची लहान पेटी करून पाहावी. एका शीटमध्ये ती होते, टेम्पो लागत नाही आणि स्वतःचे किती दिवस मोडतात ते कळते. मजुरीचा दर त्यावरून ठरवावा, गिऱ्हाइकाच्या अंदाजावरून नव्हे. बिलावर ‘लाकडी पेटी, बटणे, जोडणी’ असे स्वच्छ लिहावे आणि ‘गेम ग्राहकाचे’ हेही लिहून त्याची सही घ्यावी. नेसरीकरांसाठी आणखी एक गोष्ट : बेळगाव जवळ असले तरी ते कर्नाटकात आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यास वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे, पण परराज्यात करपात्र माल विकावयाचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी आधी करावी लागते. तिकडची ऑर्डर आली तर आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी कर सल्लागाराला भेटावे.