विस्तृत रंगव्याप्तीचे मॉनिटर आणि कलरीमीटरची साक्ष

मॉनिटरची रंगव्याप्ती विस्तृत असली म्हणजे त्यावरील रंग यथार्थ असतातच असे नाही. एसआरजीबी या 1999 साली प्रमाणित झालेल्या मर्यादित रंगव्याप्तीसाठी सिद्ध केलेले छायाचित्र त्यावर रंगव्यवस्थापनावाचून दाखविल्यास माणसांचे चेहरे भडक, तांबूस दिसतात. म्हणून कलरीमीटरने मोजमाप करून अशा मॉनिटरचे प्रमाणीकरण करतात. परंतु खरी अडचण त्या मोजमापातच आहे.

कलरीमीटर वर्णपट मोजीत नाही. त्यातील रंगगाळण्यांनी 1931 साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरविलेल्या प्रमाण निरीक्षकाच्या दृष्टीचे अनुकरण करावे अशी अपेक्षा असते, आणि ते अनुकरण अपुरेच राहते. ज्या जातीच्या पडद्याशी उपकरण जुळविलेले असेल तेथे ही उणीव झाकली जाते; लाल-हिरव्या प्रकाशाचे अरुंद पट्टे असलेल्या पडद्यापुढे ती उघडी पडते. मग शुभ्रबिंदू 6500 केल्विनला जुळल्याची ग्वाही मिळते, आणि पडदा मात्र हिरवट किंवा गुलाबी दिसतो. पुढे त्याच कलरीमीटरने रंगभेद मोजून तो अल्प निघाला म्हणून समाधान मानण्याचा प्रघात आहे. ही तर आरोपीनेच स्वतःविषयी दिलेली साक्ष झाली! वर्णपट मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरने त्याच पडद्याचे वाचन घ्यावे व त्यावरून कलरीमीटरसाठी दुरुस्तीचे गुणांक काढावेत, हे उचित होय.

तरीही थोडा फरक उरतो. राइट व गिल्ड यांनी तपासलेल्या अवघ्या 17 व्यक्तींच्या दृष्टीवर 1931 चा निरीक्षक आधारलेला आहे, आणि अरुंद पट्ट्यांच्या प्रकाशात व्यक्तीव्यक्तींच्या दृष्टीतील भेद अधिक जाणवतात. भिन्न जातींचे दोन मॉनिटर शेजारी ठेवावयाचे असल्यास अखेरची शुभ्रता डोळ्यांनीच जुळवावी लागते.