दोन क्लच आणि एक डावा पाय

वेगवान गाड्यांवर लिहिणाऱ्या मंडळींनी मॅन्युअल गिअरबॉक्सचा निकाल यंदाही लावून टाकला. पुरावा ठरलेलाच: पोर्शची ९११ जीटी३ शून्यापासून शंभरचा वेग मॅन्युअलवर ३.९ सेकंदांत गाठते, पीडीके म्हणजे ड्युअल क्लचवर ३.४ सेकंदांत. अर्ध्या सेकंदावर खटला निकाली! त्याच जीटी३चा मॅन्युअल गिअरबॉक्स पीडीकेपेक्षा १७ किलोंनी हलका आहे, हे या लेखांत येत नाही. २०१३ साली पोर्शने जीटी३मधून मॅन्युअल काढून टाकला, तेव्हा तिच्या चाहत्यांनीच गदारोळ केला. २०१६ साली फक्त मॅन्युअल असलेली ९११ आर आली, अवघ्या ९९१ गाड्या, आणि त्यांवर उड्या पडल्या. पुढच्याच वर्षी जीटी३ला मॅन्युअल परत मिळाला. ज्यांना सेकंदाचा शंभरावा भाग कळतो, अशा गिऱ्हाइकांनी हळू असलेला गिअरबॉक्स पैसे मोजून मागून घेतला. या गोष्टीचा अर्थ लावल्याशिवाय या वादात कुणी निवाडा देऊ नये.

ड्युअल क्लचचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तेव्हा भरभर जातो. फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेसने १९३९च्या सुमारास ही कल्पना मांडली आणि महायुद्धात ती बाजूला पडली. ऐंशीच्या दशकात पोर्शने ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर ती घासूनपुसून घेतली. विक्रीच्या गाडीत ती प्रथम आली २००३ साली, फोक्सवॅगन गोल्फ आर३२मध्ये. मग बुगाटी वेरॉन, निसान जीटी-आर, आणि २००९ साली फेरारी ४५८, जिला मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. विषम गिअर एका क्लचवर, सम गिअर दुसऱ्यावर, पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला. एक क्लच सुटताना दुसरा धरतो आणि चाकांकडे जाणारी ताकद तुटत नाही. यंत्र म्हणून अव्वल आहे, यात वाद नाही. मात्र यालाच कुणी ‘शर्यतीचं तंत्रज्ञान’ म्हणून मिरवलं, तर फॉर्म्युला वनमध्ये ड्युअल क्लच नाही, एवढं लक्षात ठेवावं. तिथला सीमलेस शिफ्ट ही वेगळी जात आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. जबलपूरच्या माणसाला गिअरबॉक्स पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९६९ साली इथे व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. त्याआधीपासून गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक जुळवले जात होते. पुढे शक्तिमान, निसानच्या ‘पॅट्रोल’ गाडीवरून बेतलेली जोंगा आणि एक टनी निसान, सगळ्या या गावातून सैन्याकडे गेल्या. जोंगाचं इंजिन ३,९५६ सीसीचं, सहा सिलिंडर, पेट्रोलवर चालणारं. गिअर तीन. तीन गिअरांत एवढं मोठं इंजिन चालवायचं म्हणजे दोन गिअरांमधलं अंतर माणसाने भरून काढायचं.

आमच्या शेजारी फॅक्टरीतले एक टेस्ट ड्रायव्हर काका राहत. रांझीच्या रस्त्यावर त्यांनी आम्हा पोरांना डबल डिक्लच शिकवला. त्या पिढीचे ट्रक चालवणाऱ्यांत ज्याला तो येत नाही, त्याच्या हाती चाक देण्याची पद्धत नव्हती. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग खालचा गिअर. ही कवायत का, तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावरच इंजिन गिअरबॉक्सच्या आतल्या लेशाफ्टला फिरवू शकतं. तो शाफ्ट खालच्या गिअरला लागतो तेवढ्या वेगाने फिरू लागला, की दात आपसूक बसतात, नाहीतर खरडतात. काका गिअरच्या मुठीवर आमची फक्त दोन बोटं ठेवायला लावत. “जोर कशाला लावतोस रे? वेग जुळला की तो स्वतःच आत जातो,” म्हणत. आधी कान, मग डावा पाय, सगळ्यात शेवटी हात, असा त्यांचा क्रम होता. मी पुढे इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो. गिअर रेशोचं गणित फळ्यावर आलं, तेव्हा ते माझ्या तळपायाला आधीच पाठ झालेलं होतं.

डबल डिक्लचचा स्पोर्ट्स कारशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना उत्तर देतो. सिंक्रोमेश आल्यावर दोनदा क्लच मारण्याची गरज संपली, पण रेस देऊन वेग जुळवण्याची संपली नाही. वळणाआधी उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबून धरायचा आणि त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला हलका धक्का देत खालचा गिअर टाकायचा, याला हील अँड टो म्हणतात. तो नीट जमला नाही, तर गिअर बसताच मागची चाकं क्षणभर अडखळतात आणि मागच्या चाकांना ताकद मिळणारी हलकी गाडी वळणात शेपूट फिरवते. म्हणजे शक्तिमानवाल्याची विद्या आणि ९११वाल्याची विद्या एकाच घराण्याची. ड्युअल क्लचमध्ये हे काम संगणक करतो, माणसापेक्षा अचूक करतो. चालकाच्या वाट्याला बोटाखालची पट्टी उरते.

आमचा नागपूरचा रस्ता लखनादौन, सिवनीवरून कुरई घाटातून उतरतो. आता पेंचच्या जंगलात रुंद रस्ता झाला, प्राण्यांसाठी खाली बोगदे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण जुन्या दुपदरी घाटात भरलेल्या ट्रकच्या मागे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना इंजिनचा सूर बरोबर जुळला, की मिळणारं समाधान मला पुढे कुठल्याही महागड्या गाडीत मिळालं नाही.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांची कहाणीही मॅन्युअलचा उतार दाखवते. २००४ साली तेव्हाच्या औरंगाबादेत स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस जुळवली: १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती, पाच गिअरांचा मॅन्युअल. मध्यमवर्गीय माणसाला परवडेल न परवडेल अशी पहिली खरी वेगवान गाडी. २०११ची लॉरा आरएस सहा गिअरांची, तीही मॅन्युअल. २०१७ साली नवी ऑक्टाव्हिया आरएस आली ती फक्त ड्युअल क्लचवर, आणि तेव्हापासून डावा पाय मोकळाच आहे. २०२५मध्ये परदेशातून आणलेल्या शंभर आरएस हातोहात खपल्या. त्याच वर्षी गोल्फ जीटीआय आली. मॅन्युअल दोघींतही नाही. रांजणगावात बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो मात्र मला अजून आठवते. २०१५च्या त्या छोट्या गाडीत पाच गिअरांचा मॅन्युअल होता. तिच्याइतकी मनमोकळी गाडी त्या किमतीत पुन्हा झाली नाही.

शहराच्या कोंडीत ड्युअल क्लचने गुडघे वाचतात, हे मान्य. पण कोंडीत तो स्वतः सुखी नसतो. कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स मुंगीच्या चालीत सतत हाफ क्लचवर राहतो आणि मे महिन्यात तापतो. माझ्या पुतण्याच्या गाडीचा मेकॅट्रॉनिक, म्हणजे ड्युअल क्लच चालवणारा संगणकी भाग, गेला. कंपनीचं नाव घेत नाही; बिल बघून तो दोन दिवस जेवला नाही. मॅन्युअलची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग गोहलपूरचा मिस्त्री एका दिवसात बदलतो. मेकॅट्रॉनिकला तो हात लावत नाही. हे हात निकामी होत चालले आहेत, याचं दुःख मला गिअरचा दांडा जाण्याच्या दुःखाहून मोठं आहे.

ज्यांनी ड्युअल क्लचला अंतिम सत्य मानलं, त्यांना काळानेही उत्तर दिलं. बीएमडब्ल्यूने आपल्या एम गाड्यांतून तो काढून टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक आणला, आणि एम२ भारतातही मॅन्युअलसह विकायला ठेवली. दुसरीकडे ह्युंदाईची आयोनिक ५ एन ही विजेवरची गाडी; तिला बदलायला गिअर नाहीत, तरी ती आठ गिअर बदलल्याचे झटके आणि आवाज मुद्दाम काढते. गिअर बदलण्यात माणसाचं मन गुंतलेलं असतं, याची यापेक्षा सरळ कबुली मला माहीत नाही.

तेव्हा शर्यतीच्या घड्याळाशीच ज्याचं लग्न लागलं आहे, त्याने ड्युअल क्लच खुशाल घ्यावा. बाकीच्यांना माझी विनंती आहे. नवी वेगवान गाडी घ्यायला जाल, तेव्हा विक्रेता ‘मॅन्युअलला मागणी नाही’ म्हणेल. त्याच्यासमोर मॅन्युअलचीच नोंदणी मागा आणि मिळाली नाही तर कंपनीला तसं लेखी कळवा, कारण पोर्शलाही मॅन्युअल परत आणावा लागला तो गिऱ्हाइकांनी मागितला म्हणून. आणि घरातली मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांचा झाला, की पहिला धडा मॅन्युअलवरच द्या.