दोन दगडांचं राजूर

वणी तालुक्यातलं राजूर पंचक्रोशीत ओळखलं जातं ते 'राजूर कॉलरी' म्हणून. पण राजूर दोन दगडांवर जगलं: कोळसा आणि चुनखडी. गावाचा इतिहास सांगताना आपण पहिल्यावरच थांबतो, याची मला खंत आहे.

वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा इंग्रजांना एकोणिसाव्या शतकातच सापडला होता. पलीकडच्या काठावर वरोऱ्याची सरकारी खाण चालली आणि 1906 मध्ये बंद पडली. अलीकडचा हा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. 'यवतमाळ' हे नाव त्याला 1905 मध्ये मिळालं. पुढे माजरीहून राजूरपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि कापूस-ज्वारीच्या मुलखात कॉलरी उभी राहिली. छत्तीसगड, तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहार, कुठून कुठून माणसं आली. आमच्या गल्लीत सकाळचं भांडण तेलुगूत सुरू होई आणि वऱ्हाडीत मिटे.

कॉलरीतली मला सगळ्यांत लख्ख आठवणारी जागा म्हणजे दिवेघर. खाली उतरणारा गडी आपला बिल्ला देई आणि बॅटरीचा दिवा घेई. पाळी सुटली की दिवा परत, बिल्ला परत. एखादा बिल्ला खिळ्यावरच राहिला, की तो माणूस अजून खालीच आहे हे वाचता न येणाऱ्या बाईलाही कळे. पाळी सुटायला उशीर झाला की बाया त्या खिळ्यांकडे बघत उभ्या राहत.

बाया खाली जात नसत. 1946 नंतर स्त्रियांना भूमिगत काम बंदच होतं. त्यांच्यातल्या कितीतरी चुनाभट्टीवर गेल्या. भट्टीत चुनखडीचा थर, वर कोळशाचा, पुन्हा चुनखडीचा. कोळसा गावचा, दगड गावचा. चुनखडी भाजून कळीचा चुना निघे आणि त्यावर पाणी पडलं की तो सूंऽ करत फुटे, वाफ अंगावर येई. "जवय जाऊ नोको, डोये जातीन!" आई ओरडायची. ती स्वतः मात्र ओढणीनं नाक-तोंड बांधून दिवसभर त्याच वाफेत फावडं चालवायची. रात्री बोटांच्या भेगांत खोबरेल तेल भरायची.

1 मे 1973 ला देशातल्या खासगी कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. 1975 मध्ये कोल इंडिया आली, नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. राष्ट्रीय वेतन करार झाला. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर 1948 पासूनच होता. ही कामगार चळवळीची मोठी कमाई, तिचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण त्याच गल्लीत एका घरी बोनस येई आणि शेजारच्या घरी रोजी, तीही भट्टी पेटली तरच. छातीत धूळ मात्र दोन्ही घरांत सारखीच जाई. ही दरी आमच्या गावाच्या कोणत्याही इतिहासात मी वाचलेली नाही.

आता तालुक्यातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. उकणी, जुनाड, निलजई ही नावं ट्रकवाल्यांच्या तोंडी असतात. खाणकामगाराचं नाव पेन्शनच्या कागदावर तरी सापडतं. भट्टीवरच्या बायांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असे आणि त्या वह्या कुणी जपल्या नाहीत. त्या बायांपैकी काही आज सत्तरी-पंचाहत्तरीच्या आहेत, दुपारी घरीच असतात. विचारलं तर कोणती भट्टी कुणाची होती, कोणत्या साली रोजी वाढली, कोण भाजलं, सगळं सांगतात. विद्यापीठातल्या, शाळेतल्या पोरांनी वही घेऊन यंदाच जावं.