जिन्याचा दरवाजा बंद हवा, कुलूप नको

दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे एका बहुमजली इमारतीला आग लागली. तेथे बॅगा, टोप्या बनविण्याचे कारखाने होते आणि कारीगर कामाच्याच जागी झोपले होते. ४३ जण दगावले. त्यांतील बहुतेक भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून गेले. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या.

व्यापारी बांधवांनो, भिवंडी असो वा मदनपुरा, कारीगर कारखान्यातच झोपतो हे आपल्याला नवे नाही. आणि आपण दरवाजा बसवितो तो चोरासाठी. जिन्यावर जाळीचा चॅनेल गेट, रात्री बाहेरून कुलूप. चोर अडतो, धूर मुळीच अडत नाही. गरम धूर जिन्याचा धुराडे करून वरच्या मजल्यावर पोचतो. सुती माल तासन् तास धुमसतो, पॉलिस्टर काळा धूर ओकते, ॲक्रिलिक व फोम सायनाइडचा विषारी वायू सोडतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

यावर उपाय म्हणजे अग्निरोधक दरवाजा, म्हणजेच फायर डोअर. तो ठरावीक वेळ, बहुधा दोन तास, आग थोपवितो. मात्र नुसती जाड फळी म्हणजे फायर डोअर नव्हे. चौकट, बिजागऱ्या, आपोआप बंद करणारा क्लोजर आणि कडेची पट्टी यांची एकत्र चाचणी झालेली असते. घेताना संपूर्ण संचाचे प्रमाणपत्र मागा. कडेची पट्टी उष्णतेने फुगून फट बुजविते; पण सुरुवातीचा धूर थंड असतो, तेव्हा पट्टी फुगत नाही. म्हणून धूर अडविणारी ब्रशची किंवा रबराची पट्टी वेगळी लागते. दुकानदार ती आपणहून सांगेलच असे नाही. आमच्या सुताराने तर दरवाजा घासतो म्हणून पट्टीच काढून टाकली होती! वायरमनने भिंतीला पाडलेली भोके बुजविली नाहीत तर दरवाजाचा खर्च पाण्यात.

कबूल करतो, हमालांची ये-जा सोपी व्हावी म्हणून मी स्वतः कित्येक महिने हा दरवाजा ताग्यांचा गठ्ठा लावून उघडा ठेवला. तो उघडा असेल तर नसल्यासारखाच. आता चुंबकाची पकड बसविली आहे. धुराची घंटा वाजताच ती सुटते आणि दरवाजा आपोआप मिटतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी व जुलैत परवानाधारक एजन्सीचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावे लागते. पुष्कळ जण ते कागदापुरतेच घेतात. तपासणीस माणूस येईल तेव्हा त्याला जिन्यावर न्या, दरवाजा उघडून सोडायला लावा. तो स्वतःहून पूर्ण मिटला पाहिजे.

राहिला चोरीचा प्रश्न. बाहेर जाण्याच्या दरवाजाला आतून दांडी बसविता येते. बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. आतला कारीगर अंधारातही नुसता धक्का देऊन बाहेर पडतो.