व्रण आणि उपचार : लेसर निवडताना

 व्रणांवरच्या लेसर उपचारांकडे पाहू. ‘सगळ्यात चांगला लेसर कोणता?’ असे अनेक जण विचारतात. व्रण पाहिल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही.

अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये या उपचारांचे मूळ तत्त्व मांडले. त्वचेतला प्रत्येक घटक ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. तो प्रकाश क्षणभरच सोडला, तर तेवढाच घटक तापतो आणि आजूबाजूची त्वचा बचावते.

पल्स्ड डाय लेसरचा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषते. शस्त्रक्रियेनंतरचा ताजा, लालसर, खाजरा व्रण म्हणूनच याला दाद देतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होतात, लाली उतरते, खाजही कमी होते. जुन्या, पांढरट, जाड व्रणावर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

तिथे फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर लागतो. त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण पेशींतले पाणी शोषते. व्रणावर अतिसूक्ष्म छिद्रे पडतात, मधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्या आधाराने जखम भरताना कोलॅजनची नव्याने मांडणी होते. मुरमांच्या खड्ड्यांसाठी तो सर्रास वापरतात, पण मला त्याचे मोल भाजल्याच्या व्रणांत जास्त वाटते. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बाईचा खांदा आखडला, तर तिला स्वतःची वेणीही घालता येत नाही. व्रण मऊ झाला की सांधा मोकळा व्हायला मदत होते. अशा उपचाराला ‘सौंदर्योपचार’ म्हणून बाजूला सारणे अन्याय्य आहे. आखडणे फारच असेल, तर मात्र शस्त्रक्रिया टळत नाही.

केलॉइडची गोष्ट वेगळी. कान टोचल्यावर पाळीवर वाढलेली, मूळ जखमेची हद्द ओलांडणारी ती गाठ नुसत्या लेसरने पुन्हा उगवू शकते. तिथे ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने जोडीला हवीत.

राहिला आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट. हा लेसर नव्हेच. अनेक तरंगलांबींचा, फिल्टरमधून गाळलेला झगझगीत प्रकाश. तो लाली कमी करतो, पण आपल्या सावळ्या त्वचेतले मेलॅनिनही तो शोषते. मग भाजणे किंवा काळे डाग पडणे ओढवते. स्वस्त म्हणून पार्लरमध्ये तो करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सावळ्या त्वचेवर लेसरही जपूनच, कमी तीव्रतेने वापरावे लागतात.

एका बैठकीत व्रण पुसला जात नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका होतात आणि त्या काळात उन्हापासून जपावे लागते. पैसे भरण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दोन गोष्टी जरूर विचारा: माझ्या व्रणाचा प्रकार कोणता, आणि आधी छोट्याशा भागावर चाचणी करून पाहाल का? चाचणीला नकार मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या.