सारंगखेड्याचा घोडा : शर्यतीसाठी निवड आणि तयारी

दत्तजयंती जवळ आली की दोंडाईचा-शहादा रस्त्यावर घोड्यांनी भरलेले ट्रक दिसू लागतात. शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश येथून व्यापारी उतरतात. दलाल, नालबंद, खोगीर-लगाम शिवणारे कारागीर यांत आपले बंधूही पुष्कळ असतात. टांग्याचा धंदा बसल्यापासून हा माल मुख्यतः हौशी लोक घेतात. कोणाला वरातीसाठी हवा, कोणाला नाचकामासाठी, कोणाला शर्यतीसाठी. शर्यतीच्या घोड्याबद्दल येथे लिहीत आहोत, कारण फसवणूक आणि नुकसान त्यातच अधिक होते.

गिऱ्हाईक प्रथम रंग आणि उंची पाहते. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा असा पंचकल्याण असला, किंवा गळ्यावर देवमणीचा भोवरा असला, की भाव चढतो. शौकाला मोल नसते, ते द्यावे. पण भोवरा धावत नाही. धावतात ते पाय. घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, म्हणून पाहणी तेथून सुरू करावी. खूर हातात घेऊन पाहावा. तळ अगदी सपाट नको, भिंतीला उभ्या चिरा नकोत, मधला मऊ त्रिकोणी भाग रुंद व कोरडा हवा. तो काळा पडून दुर्गंधी येत असेल तर घोडा ओल्या जागी बांधला जात होता असे समजावे. समोरासमोरचे दोन खूर लहानमोठे दिसले तर लहान खुराच्या पायात जुने दुखणे असण्याचा संभव फार.

नंतर कडक जमिनीवर, दोर ढिला ठेवून, सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवावा. पुढचा पाय दुखरा असला तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली झुकवतो. व्यापारी लगाम आखूड धरून ही खूण लपवतो. मऊ वाळूत चालवून दाखवू लागला तर नम्रपणे डांबरी रस्त्याकडे चला म्हणावे.

वयाचे खोटेही तितकेच जुने. खालचे पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात. पाचव्या वर्षी तोंड भरते. मग दातांवरचे खड्डे मधल्या जोडीचे सहाव्या, पुढच्या जोडीचे सातव्या आणि कडेच्या जोडीचे आठव्या वर्षाच्या आसपास बुजतात. काही बदमाश लोक म्हाताऱ्या दातांवर कोरून आणि डागून खोटे खड्डे करतात. त्यावर उपाय म्हणजे वरचा कडेचा दात पाहणे. त्यावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक उभी खाच दिसू लागते, ती पंधराव्या वर्षी निम्म्यावर येते. ऐब सांगून कमी भावात विकणारा व्यापारी पुढच्या वर्षीही त्याच जागी तंबू ठोकू शकतो, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आहोत.

चालीच्या शर्यतीत, म्हणजे रेवाल चालीत, वेग एवढेच काम नाही. स्वाराच्या पाठीला धक्का न देता घोड्याने ती चाल धरून ठेवायची असते. चौखूर सुटला की बाद. म्हणून घेण्यापूर्वी चढून पाहावे, आणि तेही स्वतःच्या खोगिरावर, कारण विकणाऱ्याचे खोगीर त्याच्याच पाठीला बसलेले असते.

आता तयारी. यात्रेत घेतलेला घोडा त्याच यात्रेत पळवणे आम्हाला पसंत नाही. प्रवासाने तो थकलेला, पाणी-चारा बदललेला. घरी आणल्यावर दाणा एकदम वाढवू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. नाहीतर पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावते. सुका चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. आपल्याकडे दादरीचा वाळका कडबा मुबलक आहे. हिरवी कोवळी ज्वारी मात्र विषारी ठरू शकते, घालू नये. पहिले काही आठवडे नुसती चाल, मग दुडकी, पळ सर्वांत शेवटी. विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. मेहनतीनंतर ती लवकर खाली येऊ लागली की दम वाढला असे धरावे.

नालाचे काम सर्वांत नाजूक. खूर महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर छाटून, पुन्हा ठोकावा लागतो. नाल खुराच्या मापाने वाकवायचा; खूर कानशीने घासून नालाच्या मापाचा करायचा नाही. खिळा तळातल्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरूनच जावा. दोन सूत आत गेला तरी जिवंत भाग दाबला जातो. एका हौशी मालकाने शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात चार नाल ठोकवून घेतले. सकाळी घोडा तीन पायांवर उभा होता. दोष नालबंदावर गेला, मजुरी बुडाली, आणि घाई कोणाची होती हे कोणी विचारले नाही. नालबंद बंधूंनी अशा वेळी काम नाकारावे. शर्यतीपूर्वी निदान आठवडाभर तरी नाल पायाखाली रुळलेला हवा.

आणखी एक. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, आणि 2009 च्या कायद्याखाली तो सरकारला कळवावा लागतो. रोगी जनावर मारून टाकले जाते. म्हणून रक्ततपासणीचा कागद पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाची तपासणी करते. कागदावरचा रंग, खुणा आणि वय समोरच्या घोड्याशी ताडून पाहावे.

बाजारात जाताना नालबंदाला सोबत न्यावे. त्याची त्या दिवसाची मजुरी घरून निघतानाच ठरवावी, आणि त्याने घोडा नापसंत केला म्हणून सौदा मोडला तरी ती पुरी द्यावी.